एमओयूवर सही होते, मग आमच्या तीन पानांवर का होत नाही?

प्रति,
माननीय प्राचार्य, परीक्षा नियंत्रक आणि इंटरनॅशनल सेलचे सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

खरं तर रीतसर अर्जच द्यायचा असतो, विषय, महोदय, आपला विश्वासू वगैरे. तसे तीन अर्ज मार्चपासून देऊन झालेत. तिन्हींवर इनवर्डचा शिक्का आहे, तिन्हींची पोच माझ्या फाईलला लावलेली आहे, उत्तर एकाचंही नाही. आणि गेल्या सोमवारी नोटीस बोर्डावर परदेशात एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांबद्दलचं ते परिपत्रक लागलं, तेही कँटीनच्या बाजूच्या बोर्डावर, जिथे हरवलेल्या आयकार्डांच्या नोटिसा असतात. म्हणून आता उघड लिहितेय. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुण्यातल्या दुसऱ्या कॉलेजांत शिकणाऱ्या मैत्रिणींना हे वाचून दाखवलं तर दोघी म्हणाल्या अगं हे तर आमच्याकडचंच आहे. माझंही नाव लिहीत नाही. तुम्हाला कळेलच म्हणा, यंदा जर्मनीच्या एक्स्चेंजसाठी नॉमिनेट झालेले आम्ही चारच जण आहोत आणि त्यात मुलगी एकच.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे हे सगळं मला एवढं का लागलं ते कळेल.

मी कराड तालुक्यातली. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला तुमच्याकडे मेकॅनिकलला. पप्पा साखर कारखान्यात स्लिपबॉय आहेत. (शहरातल्यांसाठी: स्लिपबॉय म्हणजे कुणाच्या शेतात कुठल्या जातीचा ऊस, किती क्षेत्र, लागण कधीची, हे बांधावर जाऊन लिहून घेणारा माणूस. बॉय म्हणतात, पप्पा ५३ वर्षांचे आहेत.) दोन वर्षं मी रानडे इन्स्टिट्यूटला सकाळच्या बॅचला जर्मन शिकले, तिथून धावत पळत पहिल्या लेक्चरला यायचे आणि उशीर झाला की हजेरी जायची ती जायचीच. हे सगळं कशासाठी, तर फर्स्ट टाइम कॉलेजला आले तेव्हा मेन बिल्डिंगच्या जिन्यात तो मोठा फ्लेक्स होता, "आमचे जागतिक भागीदार", खाली बारा विद्यापीठांचे लोगो आणि करारावर (त्यालाच एमओयू म्हणतात) सह्या करताना, हस्तांदोलन करतानाचे फोटो. पप्पा ॲडमिशनला आलेले, त्यांनी त्या फ्लेक्ससमोर माझा फोटो काढला. तो अजून त्यांच्या व्हॉट्सॲप डीपीला आहे.

तर त्या बारापैकी एक विद्यापीठ स्टुटगार्टच्या बाजूचं आहे. तिथे एक सेमिस्टर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, असं जायचं ठरलं. तुम्हीच इंटरव्ह्यू घेतलात, तुम्हीच आमची नावं पाठवलीत, पेढे पण तुम्हीच दिलेत. आणि आता परिपत्रक म्हणतं, थोडक्यात सांगायचं तर, की परदेशातल्या सेमिस्टरला "मूल्यवर्धित उपक्रम" समजलं जाईल, त्याची क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजला जाणारा अभ्यास, धरली जाणार नाहीत, त्या काळातली हजेरी गैरहजेरी समजली जाईल, सातव्या सेमिस्टरचे सगळे विषय परत आल्यावर ज्युनियर बॅचबरोबर बॅकलॉग म्हणून द्यावे लागतील, पालकांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्यायचं, आणि पंचवीस हजार रुपये फॅसिलिटेशन फी भरायची.

मूल्यवर्धित उपक्रम! म्हणजे योगा डेचं सर्टिफिकेट आणि पाच महिने परदेशात राहून दिलेल्या पाच परीक्षा, दोन्ही एकाच खात्यात.

आता एकेक करून बोलूया.

सगळ्यात मोठी गोष्ट क्रेडिटची, बाकीचं सगळं त्याच्यातूनच येतं. एक्स्चेंजमध्ये लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा एक कागद असतो. तीन पानं. डाव्या बाजूला मी तिकडे कुठले कोर्स घेणार, उजव्या बाजूला त्याच्या बदल्यात इकडचे कुठले विषय सुटणार, आणि खाली तीन सह्या, माझी, तिकडच्या विद्यापीठाची आणि तुमची. ही पद्धत काही काल निघालेली नाही. युरोपात इरॅस्मस, म्हणजे त्यांची विद्यार्थी एक्स्चेंजची योजना, सुरू झाली १९८७ ला, पहिल्या वर्षी ११ देशांतली ३,२४४ पोरं गेली होती, आणि ती एवढी वाढली त्याच्यामागे हीच साधी अट आहे की काय धरलं जाणार ते जायच्या आधी लिहून द्यायचं. माझ्या तीन पानांवर दोन सह्या झाल्यात. तिकडच्या को-ऑर्डिनेटर बाईंनी मेल केल्यापासून दोन दिवसांत सही करून पाठवली. तिसरी जागा मोकळी आहे आणि मार्चपासून मी ती मोकळी जागा घेऊन फिरतेय, एचओडींकडून इंटरनॅशनल सेल, तिथून परीक्षा विभाग, तिथून डीन, डीन सरांकडून परत एचओडी. सगळीकडे एकच उत्तर, "तू जाऊन ये, आल्यावर बघू."

पप्पांना हे सांगितलं तर ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आगं, उसाची नोंद न करता तोड मागाय गेलं तर कारखाना उभा तरी करतो का? आदी नोंद, मग तोड. तिकडचं मार्क हिकडं धरत्यात का न्हाई, त्येवढं लिवून घे." सर, माझे वडील दहावी नापास आहेत. लर्निंग ॲग्रीमेंट म्हणजे काय हे त्यांना एका मिनिटात कळलं.

"आल्यावर बघू" म्हणजे नक्की काय बघतात हेही आम्ही बघितलंय. मागच्या वर्षी गेलेला आमचा एक सीनियर फेब्रुवारीअखेर परत आला. त्याचं ट्रान्स्क्रिप्ट घेऊन तो परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेला तेव्हा मी मागे रांगेत होते, मला बोनाफाईड पाहिजे होतं. फायनाइट एलिमेंटमध्ये त्याला १.३ मिळालेले. खिडकीतल्या काकांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "दहापैकी एक पॉइंट तीन? अरे मग गेला होतास कशाला?"

रांगेतले सगळे हसले. तो पण हसला, त्याला वाटलं गंमत चाललीय. मग काकांनी खरंच ते सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितलं आणि एफ आला.

जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास, आपल्या उलटं. १.३ म्हणजे तिकडे "सेर गूट", खूपच चांगलं. आणि याचं रूपांतर कसं करायचं हे काही गूढ नाही, मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला म्हणून आहे, आपले मार्क तिकडे नेताना जर्मन विद्यापीठं तोच लावतात, एका ओळीचा आहे. आपल्याकडे १० पैकी ४ ला पास धरलं तर १.३ चे होतात ९.४. २.० चे होतात ८. ४.० चे बरोबर ४. दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीमध्ये याच्या शंभरपट अवघड गणितं तुम्ही आमच्याकडून करून घेता. काकांची चूक आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांना कुणी लेखी काही दिलेलंच नाही, त्यांचं सॉफ्टवेअर १० पर्यंतचा आकडा घेतं, त्यांनी घातला. पण त्या दिवशी त्या मुलाला ९.४ ऐवजी एटीकेटी लागली आणि ती आज जूनमध्ये पण तशीच आहे. "समिती नेमली आहे." समितीची बैठक कधी, माहीत नाही. समितीत कोण, माहीत नाही.

बरं, विषय जुळत नाहीत हे कारण तुम्ही देता. त्यावर थोडं सविस्तर बोलते कारण एप्रिलचा आख्खा महिना माझा त्यात गेलाय. एचओडी सर म्हणाले, सिलॅबस ऐंशी टक्के जुळला तरच मी शिफारस करीन. ठीक. मी तिकडचं मोडुलहँडबुख, म्हणजे त्यांच्या सगळ्या विषयांचं माहितीपुस्तक, डाउनलोड केलं, ते अर्धं जर्मनमध्ये, बसून भाषांतर केलं. श्ट्र्योमुंग्सलेर म्हणजे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स, फेस्टिगकाइट्सलेर म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, असं करत करत आपल्या युनिट एक ते सहाच्या समोर त्यांचे चॅप्टर मांडले, हिरवा रंग जुळलं, पिवळा अर्धं जुळलं, लाल नाही जुळलं. चौदा पानांचा तक्ता झाला. सरांनी तो उभ्या उभ्या चाळला आणि म्हणाले अडुसष्ट टक्के भरतंय. अडुसष्ट कसे काढले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आता विचारते, सर, कसे काढले?

आणि मला खरंच एक कळत नाही. मी डिप्लोमावरून आलेय. माझं आख्खं पहिलं वर्ष तुम्ही सोडून दिलंत, इंजिनिअरिंगचं केमिस्ट्री नाही, फिजिक्स नाही, काही नाही. माझ्या डिप्लोमाच्या कुठल्या युनिटसमोर पहिल्या वर्षाचं कुठलं युनिट जुळतं हे कुणी हिरव्या-पिवळ्या रंगात बघितलं का? नाही, नियम आहे, डायरेक्ट सेकंड इयर, विषय संपला. पॅटर्न बदलला की जुन्या पॅटर्नच्या रिपीटरसाठी इक्विव्हॅलन्सचा तक्ता पण तुम्हीच काढता, जुन्यातला हा विषय म्हणजे नव्यातला तो, आणि ते विषय काय दरवेळी ऐंशी टक्के जुळतात? म्हणजे जुळवून घ्यायची पद्धत कॉलेजकडे आहे, वर्षानुवर्षं आहे. फक्त कागद परदेशातून आला की टक्केवारी आठवते.

क्रेडिटचा हिशोबही काही तिढ्याचा नाही. तिकडे एका सेमिस्टरचे ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाचे १,२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २०. ते पूर्ण सेमिस्टर, हे पूर्ण सेमिस्टर. दीड ईसीटीएसला एक क्रेडिट धरा, झालं. उलट तासांनी बघितलं तर तिकडे आम्ही जास्तच राबणार आहोत. आणि असं करायला वरून मनाई आहे का? नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्येच लिहिलंय की परदेशी विद्यापीठातली क्रेडिट, योग्य असेल तिथे आणि संस्थेच्या गरजेनुसार, पदवीसाठी धरता येतील. युजीसीने २०२२ ला ट्विनिंगचे, म्हणजे एकच पदवी थोडी इथे थोडी परदेशात शिकून घ्यायची त्याचे, नियम काढले त्यात तर ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेरची चालतात. आपलं एक्स्चेंज म्हणजे ट्विनिंग नव्हे हे मला कळतं, पण आठ सेमिस्टरमधलं एक म्हणजे साडेबारा टक्के होतात, त्याला एवढं घाबरायचं काय कारण? कॉलेज ऑटोनॉमस आहे. ऑटोनॉमसचा अर्थ फक्त पेपर आपण काढायचे आणि फी आपण वाढवायची एवढाच नसावा.

बॅकलॉगचं आता. हे वाचणाऱ्या पालकांना कदाचित वाटेल की ठीक आहे ना, पाच पेपर नंतर देईल पोरगी, हुशार आहे. तर काका-काकू, प्लेसमेंटला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या फॉर्मवर एक ओळ असते, नो ॲक्टिव्ह बॅकलॉग. तो बॅकलॉग मी नापास होऊन आलाय का तिकडे ९.४ मिळवून आलाय हे विचारायला तिथे कॉलम नसतो. म्हणजे जी मुलं एक्स्चेंजसाठी निवडली, पहिल्या पाच-सात नंबरातली, त्यांनाच कॉलेज स्वतःच्या हाताने प्लेसमेंटमधून बाहेर काढणार. मागच्या वर्षीचा तो सीनियर दोन कंपन्यांच्या शॉर्टलिस्टमधून असाच गेला.

तारखांचा घोळ हा वेगळाच. त्यांचं विंटर सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, लेक्चर मध्य ऑक्टोबर ते मध्य फेब्रुवारी, मग परीक्षा. आपलं सातवं जुलैत सुरू होऊन डिसेंबरला आटपतं आणि जानेवारीत आठवं चालू. म्हणजे त्यांचं एक सेमिस्टर आपल्या दोन सेमिस्टरवर तंगड्या टाकून बसतं. हे काय आम्हाला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत नव्हतं? करार करताना समोर कॅलेंडर नव्हतं का? यावर उपाय आहे, आठव्यात बहुतेक भाग प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपचा आहे, जानेवारी-फेब्रुवारीतले दोन रिव्ह्यू ऑनलाइन घ्या, कोविडमध्ये आख्खी ओरल आणि व्हायवा मोबाईलवर घेतलीत की. पण त्याऐवजी गैरहजर. गैरहजर म्हणजे डिफॉल्टर, डिफॉल्टर म्हणजे टर्म ग्रँट नाही, आणि महाडीबीटीवर ज्यांची स्कॉलरशिप रिन्यू व्हायचीय त्यांचं काय होणार, तर त्यावर ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही काय पाठवलं का तुम्हाला?" अहो मॅडम, हो. तुम्हीच पाठवलंत. कॉलेजच्या लेटरहेडवर.

पंचवीस हजारांबद्दल मला कमी बोलायचंय, पण बोलते. एक्स्चेंजचा सगळा पायाच असा की फी आपल्या कॉलेजला भरायची आणि तिकडे माफ. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या मुलांना २०१७-१८ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, ती आम्हाला लागत नाही, कारण आम्ही कराराखाली जातो. हा कराराचा मोठा फायदा, मी नाकारत नाही, उलट त्यासाठी मनापासून आभार. पण सातव्या सेमिस्टरची तुमची फी मी पूर्ण भरतेय, लॅब फी, लायब्ररी, जिमखाना सगळं, जिथे मी पाऊल ठेवणार नाही. मग वर फॅसिलिटेशन कशाचं? फॉर्म मी भरला, मोडुलहँडबुखचं भाषांतर मी केलं, हॉस्टेलच्या खोलीसाठी श्टूडीरेंडेनवेर्कला, म्हणजे तिकडच्या हॉस्टेलवाल्यांना, अर्ज मी केला, व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी रात्री जागून साईट मी रिफ्रेश केली. उलट नॉमिनेशनचा मेल इंटरनॅशनल सेलच्या ड्राफ्टमध्ये तेरा दिवस पडून होता, तिकडच्या बाईंनीच मला विचारलं की तुझं नाव अजून का नाही आलं. तेरा दिवसांचे किती झाले ते पण त्या पंचवीस हजारांत धरलेत का?

घरचा हिशोब एकदा मांडते. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच तिकडच्या खात्यात टाकायचे आणि ते महिन्याच्या महिन्याला सुटतात. वर्षाला ११,९०४ युरो असा दर आहे, महिन्याचे ९९२, माझ्या सहा महिन्यांचे ५,९५२. युरो शंभराच्या घरात आहे, तुम्हीच गुणा. त्यात व्हिसाचे ७५ युरो, विमा, विमान, तिकडची सेमिस्टरची वर्गणी वेगळी. सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या ज्या मोठ्या शिष्यवृत्त्या आहेत त्या आख्ख्या मास्टर्स-पीएचडीसाठी, एका सेमिस्टरला कुणी विचारत नाही. आईने बचत गटातून उचललेत, काही पतसंस्थेचे, आणि राहिलेल्यासाठी पप्पांची एफडी, जी त्यांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेली आणि ज्यावर आमच्या घरात एकदाच काय ते भांडण झालं. बँकेत गेलो तर मॅनेजर साहेबांनी आधी टीसीएस, म्हणजे परदेशी पाठवायच्या पैशांवरचा कर, कापला जाईल म्हणून घाबरवलं, मग काउंटरवरच्या मॅडमनी सांगितलं दहा लाखाच्या आत आहे, नाही लागत. एफडी मोडायचा फॉर्म भरून झालाय, सही करून पप्पांच्या स्लिपांच्या पिशवीत ठेवलाय, पण बँकेत दिलेला नाही. तो फॉर्म आणि माझी तीन पानं, दोन्ही तुमच्या एका सहीसाठी थांबलीत. कारण तिकडचं ॲडमिशन लेटर यायला पूर्ण सह्यांचं लर्निंग ॲग्रीमेंट १५ जुलैपर्यंत अपलोड व्हावं लागतं, लेटर आल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसाला आठवडे लागतात, दिवस नाही.

यावर नातेवाईकांचं एक असतंच, तिकडे काम करून फेडशील की. वर्षाला १४० दिवस काम करायची परवानगी असते खरी, पण पाच विषय घेऊन कॅफेत कपबश्या विसळून सहा लाख निघत नाहीत हो मामा.

आता तुमच्या बाजूने पण बोलते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. मागच्या बॅचमधल्या एकाने तिकडे दोनच कोर्स पास केले आणि बाकीचा वेळ पॅरिस, प्राग, ॲमस्टरडॅम केलं, रील्स आपण सगळ्यांनी बघितल्या. त्याची क्रेडिट का धरायची हा प्रश्न रास्त आहे. नकाच धरू. जेवढं पास तेवढंच धरा, नापास झालो तर खुशाल बॅकलॉग लावा, मी सही करून देते, पाचशेच्या कशाला, हजाराच्या स्टॅम्पवर देते. पण एकाने बंक मारला म्हणून आख्ख्या वर्गाला गैरहजर लावायचं हे शाळेत ठीक होतं. आणि हेही मान्य की परीक्षा विभागात चार माणसं आहेत आणि निकालाच्या दिवसात ती रात्री नऊपर्यंत बसतात. म्हणूनच तर म्हणतेय की प्रत्येक पोरामागे नवी समिती नको, एकदाच नियम लिहा.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फॉर्ममध्ये एक शब्द आहे, "फंक्शनल एमओयू". म्हणजे चालू असलेले करार, नुसते फ्रेममधले नव्हे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत, महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०१५ पासून करार आहे, २०२४ ला तर दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचा करार सरकारने केला, गावोगावच्या पोरांना जर्मन शिकवायच्या गोष्टी झाल्या. पुण्याला तर जर्मनी मुळीच नवी नाही, इरावतीबाई कर्वे जवळपास शंभर वर्षांपूर्वी बर्लिनला जाऊन पीएचडी करून आल्या, बोटीने. त्यांनाही घरून विरोध होता म्हणतात. माझ्या घरून नाहीये. माझं कॉलेजच आडवं आलंय.

तर मागण्या. ओरडून नाही, आंदोलन वगैरे काही नाही, साध्या आहेत.

परिपत्रक मागे घ्या, किमान यंदाच्या आम्हा चौघांपुरतं स्थगित करा, कारण आमची निवड झाली तेव्हा यातली एकही अट सांगितलेली नव्हती. लर्निंग ॲग्रीमेंटवर १५ जुलैच्या आत, म्हणजे निदान १० तारखेपर्यंत सही द्या. द्यायची नसेल तर कुठला विषय का नाही ते त्याच कागदावर लिहून द्या, मी विषय बदलते, अजून वेळ आहे. जर्मन ग्रेडचं रूपांतर कसं करणार तो तक्ता वेबसाईटवर टाका, आणि एक प्रिंट काकांच्या खिडकीत चिकटवा. एक्स्चेंजवरच्या मुलांची हजेरी ऑन ड्यूटी धरा, खेळाडूंना, एनएसएसवाल्यांना धरता तशी, आणि महाडीबीटीसाठी तसं पत्र द्या. आठव्याचे पहिले दोन रिव्ह्यू ऑनलाइन घ्या. पंचवीस हजार रद्द करा नाहीतर कशाकशाचे ते पावतीवर लिहा. आणि त्या सीनियरचा निकाल दुरुस्त करा, हे मी सगळ्यात शेवटी लिहितेय पण करायचं झालं तर हे सगळ्यात आधी करा. त्याच्या मार्कशीटवर आज जो एफ आहे तो तुमच्या सॉफ्टवेअरचा आहे, त्याचा नाही.

इंटरनल मार्क तुमच्या हातात आहेत हे मला माहीत आहे, हे पत्र लिहिताना ते डोक्यात नव्हतं असं म्हणाले तर खोटं होईल. आईने तर सांगितलंच, "कशाला नडतीस, गप जाऊन ये." पण गप जाऊन आलेल्याचं काय झालं ते मी रांगेत उभी राहून बघितलंय.

सोमवारी सकाळी अकरा वाजता, चहाच्या सुट्टीच्या आधी, मी तिन्ही पानं घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीवर येतेय. सहीची जागा पेन्सिलने फुलीची खूण करून ठेवलीय, शिक्का त्याच्या खाली मावेल एवढी जागा सोडलीय. पेन माझ्याकडे आहे.

आपली,
मेकॅनिकल, तिसरं वर्ष (पास, सगळे विषय)